कडब्याच्या गंजीतून फुफ्फुसात

तापीकाठची काळी जमीन. दादर ज्वारीची कणसं खुडून झाली, कडबा बांधून गंजी रचली, आणि अवकाळी पाऊस येऊन गेला. आता ती गंजी उकलली की कुबट वासाचा हिरवट-राखाडी लोट उठतो. ही नुसती धूळ नाही. त्यात अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू आहेत, एकेक जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचा. नाकावर रुमाल बांधला तरी कित्येक थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचतात.

तिथे भक्षक पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावर डेक्टिन-१ नावाचं प्रथिन असतं. बुरशीच्या भिंतीतली बीटा-ग्लुकान ही शर्करा ते पकडतं, हे २००१ मध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवलं. बीटा-ग्लुकान म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. पण आपलं शरीर ती बनवत नाही. म्हणजे ती सापडली की पाहुणा बाहेरचा.

पाहुणाही तयारीचा. कोरड्या बीजाणूवर पाण्याला दूर ठेवणाऱ्या प्रथिनाचा थर असतो, त्याखाली शर्करा झाकलेली. २००९ मध्ये संशोधकांनी हा थर काढून पाहिला, तेव्हा एरवी गप्प असणाऱ्या पेशी चवताळल्या. गप्प असतात तेच बरं म्हणा. आपण रोज शेकडो बीजाणू ओढतो. प्रत्येकासाठी फुफ्फुस सुजलं असतं तर खळ्यावर कोण टिकलं असतं?

ओल आणि ऊब मिळाली की बीजाणू फुगतो, थर फाटतो, शर्करा उघडी पडते. आता डेक्टिन-१ तिला धरतं.

पण नुसतं धरून भागत नाही. पाण्यात विरघळलेलं बीटा-ग्लुकानही डेक्टिन-१ला चिकटतं, तरी पेशी ढिम्म. बुरशीची अख्खी भिंत टेकली, तर त्या जागी डेक्टिन-१ गोळा होतात आणि संदेश दाबून धरणारी सीडी-४५सारखी प्रथिनं बाजूला सारली जातात. मग सिक नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं, पेशी बीजाणू गिळते, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना बोलावणं जातं. दुरून वाहत आलेला कण कोणता आणि अंगाला भिडलेली बुरशी कोणती, हे पेशीला असं कळतं. २०११ मध्ये उलगडलेली ही युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते.

डेक्टिन-१ बिघडलं तर? एका डच कुटुंबात तसा जनुकीय दोष २००९ मध्ये नोंदला गेला. त्या कुटुंबातल्या बायकांना नखांचा आणि योनीमार्गाचा बुरशीसंसर्ग पुन्हा पुन्हा होई. रक्तात मात्र बुरशी पसरली नाही. बुरशी ओळखणारं डेक्टिन-१ एकटंच नाही: पेशीवर डेक्टिन-२ आहे, मॅनोज-ग्राही आहे. ती प्रथिनं पकडतात त्या शर्करा वेगळ्या.