दाढेतून गळ्यात, गळ्यातून छातीत

दाढ ठणकायला लागली की काय करतो आपण, लवंग धरतो, मेडिकलमधून पेनकिलर आणि सोबत दोन-तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणतो, ठणका थांबला की गोळ्या बंद आणि दाढ तशीच.

आता हा खालचा जबडा बघा. शेवटच्या दोन दाढांची मुळं इतकी खोल जातात की जिभेखाली स्नायूचा जो पडदा असतो ना, त्याच्याही खाली टोकं येतात, त्यात तिथलं हाड आतल्या बाजूने पातळ. त्यामुळे इन्फेक्शन तोंडात न फुटता सरळ मानेत उतरतं. हनुवटीखाली दोन्हीकडे सूज, हाताला लाकडासारखी टणक, जीभ वर आणि मागे सरकलेली, स्वतःची लाळ गिळता येत नाही, बोलणं असं की तोंडात गरम घास धरलाय.

1836 साली जर्मनीत स्टुटगार्टच्या डॉ. लुडविग यांनी याचं वर्णन केलं, म्हणून नाव लुडविग्ज अँजायना. अँजायना ऐकलं की नातेवाईक हार्टचं टेन्शन घेतात, पण या लॅटिन शब्दाच्या मुळाशी गळा आवळणं आहे, आणि इथे अक्षरशः तेच होतं. पेनिसिलीन यायच्या आधी निम्म्याहून जास्त पेशंट जायचे.

म्हणून कॅज्युअल्टीत आधी श्वासाचं बघतात, औषधाचं नंतर. पेशंटला आडवं करायचं नाही, बसूनच ठेवायचं, भूलतज्ज्ञ पेशंट जागा असतानाच दुर्बिणीवरून नाकातून नळी घालतात आणि नाहीच जमलं तर गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करतात.

मग शिरेतून अँटिबायोटिक. तोंडातले जंतू एका जातीचे नसतात, ऑक्सिजन नसला तरी मजेत वाढणारे पण असतात, त्यामुळे अँपिसिलीन-सल्बॅक्टम, नाहीतर सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनला मेट्रोनिडाझोलची जोड, पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असेल तर क्लिंडामायसिन. डायबेटिस असला तर क्लेबसिएला नावाचा जंतू बऱ्याचदा सापडतो आणि शुगर आटोक्यात आणल्याशिवाय काही खरं नसतं. आणि पू साठला असेल तर? औषध जातं रक्तातून आणि पुवाच्या पिशवीत रक्तच जात नाही, मग पोचणार कसं? म्हणून सीटी करून, चिरा देऊन पू बाहेर, थोडा कल्चरला, म्हणजे जंतू कोणता ते तपासायला, आणि जिच्यामुळे हे झालं ती दाढ पण काढायची.

उशीर झाला तर घशामागे एक पोकळी आहे, कवटीच्या तळापासून थेट छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंत, डॉक्टर तिला डेंजर स्पेसच म्हणतात. पू त्यातून हृदयाच्या आजूबाजूला पोचला की छातीचं ऑपरेशन. दुसरी वाट मानेतल्या मोठ्या शिरेची, तिच्यात रक्ताची गाठ होते आणि तिचे जंतूभरले तुकडे फुप्फुसात जातात. ही बहुतेकदा टॉन्सिलच्या इन्फेक्शननंतर. फ्रान्सच्या डॉ. लेमिएर यांनी 1936 मध्ये असे 20 पेशंट नोंदवले, त्यातले 18 गेले.

आयसीयूत काही दिवसांनी सूज उतरते, नळी निघते, घोगऱ्या आवाजात पेशंट पहिलं विचारतो, घरी कधी सोडणार. दोन आठवड्यांचा कोर्स तेव्हा अर्धाही झालेला नसतो.