ओळ खोडू नका, चिठ्ठी लावा

नमस्कार श्रोतेहो.

माजी सैनिकांबरोबर युद्धाच्या इतिहासाची पुस्तकं वाचायचा गट काढायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यांनी पेन्सिल आणि थोडे कोरे कागद हाताशी घ्यावेत. पेन नको, पेन्सिलच.

गट दहा-बारा जणांचा पुरे. त्याहून वाढला की त्याची सभा होते, आणि सभा म्हटली की भाषणं आलीच. बैठक सव्वा तासाची, एका बैठकीला तीस-चाळीस पानं. पुस्तक ठरवण्याआधी स्वतः चाळून बघा. अक्षर बारीक नाही ना? हातात धरून अर्धा तास वाचता येईल इतकं हलकं आहे ना? हल्ली ही पुस्तकं गुळगुळीत जाड कागदावर काढतात. दिसतात देखणी, पण म्हाताऱ्या मनगटांचा विचार कुणी केलेला नसतो. आणि नकाशा नेमका दोन पानांच्या मधे, शिवणीत छापायची अक्कल कुणाची, देव जाणे! जिच्यासाठी लढाई झाली ती खिंडच शिवणीत गडप. प्रस्तावना मात्र तीन-तीन. असो. नकाशाची मोठी झेरॉक्स काढा, ए-थ्री आकाराची, आणि टेबलावर मधोमध पसरा. माजी सैनिकाचं बोट आधी नकाशावर जातं, मग पानावर.

बसायचं गोलात. तोफा-बंदुकांच्या आवाजात नोकरी केलेल्या कानांची आधी उंच पट्टी जाते. स, श, थ, फ ही अक्षरं एकमेकांत मिसळतात. शब्द नुसता मोठ्याने ओरडून काही होत नाही, ओठ दिसावे लागतात. एका वेळी एकानेच बोलायचं.

हुद्द्याचं काय? निवृत्त झाला तरी हुद्दा खोलीत येऊन बसतोच. कर्नलसाहेब आधी बोलले, की शिपाई म्हणून निवृत्त झालेला माणूस ‘साहेब म्हणतात ते बरोबर’ म्हणून मोकळा होतो. यावर उपाय लष्कराचाच आहे. लष्करी न्यायालयात सदस्यांची मतं घेतात ती सगळ्यांत कनिष्ठ सदस्यापासून. तीच रीत ठेवा, सुरुवात शिपायापासून. सुभेदारसाहेब नंतर, कर्नलसाहेब शेवटी. कारण सांगावं लागत नाही, त्यांना ती रीत ठाऊक असते.

आता मुख्य गोष्ट. वाचताना कुणीतरी म्हणणार, ‘हे चूक लिहिलंय. असं नव्हतं.’ तेव्हा वाद घालायचा नाही, मोबाइल काढून शोधायचं नाही, आणि पुस्तकातली ओळ तर खोडायचीच नाही. ओळ खोडू नका, चिठ्ठी लावा. अर्धा कोरा कागद घ्यायचा. त्यावर पान क्रमांक, बोलणारे तेव्हा कुठे होते, दिवस होता की रात्र, आणि त्यांनी काय पाहिलं, हे त्यांच्याच शब्दांत लिहायचं. मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पाकीट चिकटवायचं, त्यात चिठ्ठी टाकायची.

हे इतकं कशासाठी, असं कुणी विचारलं तर ‘रेझांग ला’ या खिंडीची गोष्ट सांगावी.

१८ नोव्हेंबर १९६२. लडाखमध्ये चुशुलजवळची ही खिंड, उंची सोळा हजार फुटांच्या वर. तिथे १३ कुमाऊं, म्हणजे कुमाऊं रेजिमेंटच्या तेराव्या बटालियनची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली. माणसं साधारण १२०. हातात .३०३ रायफली आणि थोड्या लाइट मशीनगन. आपला तोफखाना होता, पण मधे डोंगराची धार आडवी येत होती; गोळे पलीकडे पोचवता येत नव्हते. म्हणजे ही कंपनी एकटी. श्रोतेहो, हा ‘एकटी’ शब्द लक्षात ठेवा.

पहाटे चिनी हल्ला आला. लाटांवर लाटा. त्या दिवसात कंपनी जवळजवळ संपली. ११० हून अधिक जवान गेले. जखमी मेजरसाहेबांना जवानांनी खडकाच्या आडोशाला नेलं. त्यांनी, मला इथेच ठेवा आणि तुम्ही निघा, असं सांगितलं.

मोजके काही जण वाचले. ते मागे पोचले आणि त्यांनी सांगितलं, कुणी मोर्चा सोडला नाही, सगळे शेवटपर्यंत लढले. आणि काय झालं असेल? त्यांच्यावर विश्वास बसला नाही. एका कंपनीतली जवळपास सगळी माणसं जागच्या जागी लढून मरतात, हे ऐकणाऱ्यांना पटेना. वरती बर्फ पडला, खिंड बंद झाली. कागदावर जागा होती, पण या माणसांच्या शब्दांना जागा नव्हती.

१९६३ चा फेब्रुवारी उजाडला. एक मेंढपाळ त्या बाजूला गेला, आणि त्याला ते जवान दिसले. मग शोधपथक वर गेलं. थंडीने सगळं होतं तसंच राहिलं होतं. जवान आपापल्या मोर्च्यात, हातात हत्यार. वैद्यकीय मदतनीसाच्या हातात सिरिंज आणि बँडेज. मॉर्टरवाल्याच्या, म्हणजे उखळी तोफ चालवणाऱ्याच्या हातात बॉम्ब. मॉर्टरचे हजार बॉम्ब होते, त्यांतले सात उरले होते. हजारांतले सात, श्रोतेहो. आणि मेजर शैतान सिंग त्या खडकापाशीच. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

म्हणजे वाचलेली माणसं नोव्हेंबरपासून जे सांगत होती, ते शब्दन् शब्द बर्फाखाली होतं.

याचा अर्थ माजी सैनिक सांगेल ते सगळं खरं, असा नाही हं. मोर्च्यातल्या माणसाला समोरचा उतार दिसतो, शेजारची टेकडी दिसत नाही. तारीख, वेळ, शत्रूचा आकडा यांत स्मरण हमखास घसरतं. याच लढाईत चीनची किती माणसं पडली, याचे आकडे पुस्तकागणिक वेगळे आहेत. पण डावीकडच्या मोर्च्यात कोण होतं, बर्फ कुठवर होता, दारूगोळा कधी संपला, हे तो सहसा विसरत नाही. म्हणून निकाल द्यायचा नाही. पुस्तकही राहू द्या, शब्दही राहू द्या. ओळ खोडू नका, चिठ्ठी लावा.

दोन गोष्टी घाईत सांगते. पहिलंच पुस्तक त्यांनी स्वतः लढलेल्या युद्धावरचं घेऊ नका. आधीच्या एखाद्या युद्धावरचं घ्या, आणि प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा की कोणतं पान नको. आणि ‘तुम्ही किती मारले?’ हा प्रश्न नातवंडांनासुद्धा विचारू देऊ नका. ‘तिथे जेवण कसं पोचायचं?’ असं विचारून बघा, तासभर बोलतील. बैठकीत कुणी अचानक गप्प झालं, तर तिथे ताणू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा.

आणि पुस्तक जुनं होऊन बाइंडिंगला द्यायची वेळ आली, तर देण्याआधी मागचं पाकीट आठवणीने रिकामं करा. बाइंडर पुठ्ठा फाडतो आणि आतल्या सुट्या कागदांसकट टोपलीत टाकतो. चिठ्ठ्या पान क्रमांकाने लावून ठेवा, नवा पुठ्ठा आला की नवं पाकीट चिकटवा. डिंकाने चिकटवा, सेलोटेप दोन-तीन वर्षांत पिवळी पडते आणि सुटते.

नमस्कार.