पोटातली कणगी

(दृश्य: शेजारी-शेजारी उभ्या दोन पुरुषांच्या बाह्याकृती)

दोन डॉक्टर. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापून आला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे दोघंही अंगाने बेताचेच. पण चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२.

फोटोखाली लेखकांनी स्वतःचीच फिरकी घेतली होती. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत ती गाठणं! थट्टा झाली, आणि पाठोपाठ एक बारीकशी नोंद आली: याज्ञिक जन्मले तेव्हा वजनाने कमी होते.

(दृश्य: पुणे जिल्ह्यातलं गाव, तराजूच्या झोळीत तान्हं बाळ)

या नोंदीमागे पुण्याजवळची सहा गावं होती. १९९३ पासून तिथल्या गरोदर बायांची आणि त्यांच्या बाळांची मापं घेतली जात होती. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं. इथल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तिकडच्या बाळाइतकी. दिसायला काटकुळं आणि आतून मेदाचं. 'काही खात नाही हो, तरी शुगर निघाली' हे वाक्य आपल्याकडे घराघरात ऐकू येतं. त्याची एक मुळी या पाळण्यापर्यंत जाते.

(दृश्य: जुन्या घरातली शेणाने लिंपलेली कणगी)

चरबीला आपण शिव्या देतो, पण मुळात ती कणगी आहे. सुगीचं धान्य तिच्यात नीट राहतं. कणगी भरून वाहायला लागली, की धान्य माजघरात, देवघरात, वाट मिळेल तिकडे सांडतं. शरीरातही तसंच होतं. कातडीखालच्या मेदपेशी तुडुंब भरल्या, की जादा चरबी यकृतात आणि इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडात साठते. मग रक्तातली साखर आवरणाऱ्या या इन्शुलिनचं यकृत ऐकेनासं होतं. काही जणांच्या अंगात जन्मतःच मेदपेशी जवळपास नसतात. अशी माणसं फार विरळा, पण त्यांना अतिशय चिवट मधुमेह होतो. कणगीच नाही, तर धान्य ठेवायचं कुठे?

प्रत्येकाच्या कणगीचं माप वेगळं. कुणाची शंभर किलो वजनालाही भरत नाही, कुणाची साठ किलोलाच उतू जाते.

आता दोन प्रयोग शेजारी ठेवू.

पहिला अमेरिकेतल्या सेंट लुईसचा. २००४ सालीच प्रसिद्ध झालेला. १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरची चरबी लायपोसक्शनने, म्हणजे नळीने ओढून, काढली. थोडीथोडकी नव्हे, सरासरी ९-१० किलो. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं, तर इन्शुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद होता तिथेच. काही म्हणता काही सुधारलं नव्हतं.

दुसरा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा, २०११ चा, रॉय टेलर यांच्या गटाचा. टाइप-२ मधुमेहाचे ११ रुग्ण. रोज जेमतेम ६०० कॅलरी, आठ आठवडे. यांची उपाशीपोटीची शुगर सातव्या दिवशीच ताळ्यावर आली. यकृतातली चरबी त्या एका आठवड्यात सुमारे ३० टक्क्यांनी उतरली होती. स्वादुपिंडातली हळूहळू ओसरली आणि तसतसं इन्शुलिन पुन्हा स्रवू लागलं.

(विराम)

गंमत बघा. पहिल्या प्रयोगात पेशीच काढून टाकल्या आणि फायदा शून्य. दुसऱ्यात पेशी होत्या तिथेच राहिल्या, फक्त आकसल्या. सांडलेलं धान्य आधी उचललं गेलं. पुढे याच गटाने २० सडसडीत मधुमेही घेतले, बीएमआय २७ च्या आतले. थोडंथोडं वजन उतरवल्यावर त्यांतल्या १४ जणांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. पुण्यातल्या त्या बाळांच्या वंशाला हा निकाल फार जवळचा वाटावा.

(दृश्य: पहाटेची टेकडी, प्लास्टिकचं जाकीट घालून घामाघूम झालेला माणूस)

जाता जाता एक. उतरलेली चरबी जाते कुठे? घामातून नाही, काका. दहा किलो चरबी जळली, तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्याचं पाणी होतं. जाकिटाने फक्त जाकीट भिजतं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली आकसलेल्या मेदपेशी)

पण रिकामी कणगी मोडत नाही. आपल्या मेदपेशींची संख्या पौगंडवयातच ठरून जाते. हे २००८ साली स्टॉकहोमच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, तेही अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून. लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांतही दोन वर्षांनी पेशी तितक्याच होत्या, फक्त बारक्या झालेल्या. आणि आकसलेली पेशी लेप्टिन कमी सोडते. लेप्टिन म्हणजे 'साठा आहे' असा मेंदूला जाणारा निरोप. निरोप क्षीण झाला की भूक वाढते. म्हणून वजन परत आलेल्या माणसाला 'जिभेवर ताबा नाही' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

२०२४ साली झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाने आणखी एक गोष्ट समोर आणली. लठ्ठ होऊन पुन्हा बारीक झालेल्या उंदरांच्या मेदपेशींत जनुकांवरच्या जुन्या खुणा, म्हणजे कुठलं जनुक चालू राहील आणि कुठलं बंद हे ठरवणाऱ्या खुणा, तशाच होत्या. तेलकट-तुपकट खाणं मिळताच हे उंदीर इतरांपेक्षा भराभर सुटले. माणसांच्या चरबीतही, वजन उतरून दोन वर्षं झाल्यावर, जनुकांचं वागणं पूर्ण पूर्ववत झालेलं नव्हतं.

वर्षाकाठी दहातली एक मेदपेशी मरते, तिच्या जागी नवी येते. आज कुणी वीस किलो उतरवून नवे कपडे शिवले, तर दहा वर्षांनीही त्या कपड्यांआड निदान तिसरा हिस्सा पेशी त्या जाड दिवसांतल्याच असतील.

(वजनकाट्यावरची अनवाणी पावलं. पडदा काळा.)