परीक्षा आईची नव्हे, शिकवणाऱ्याची

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि पेले सोपवले ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं. मला त्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती पेला कोणाच्या हातात होता, ही.

पुढं १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेच्या बायका एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. जुलाब झालेल्या बाळाला पाजायला तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढं त्या आईला शिकवायच्या. काही दिवसांनी दुसरंच माणूस त्यातल्या काही घरांत जाऊन आईला काय आठवतंय ते तपासायचं, आणि शिकवणारीचा पगार त्यावर ठरायचा. आई विसरली, तर चूक शिकवणारीची! आपल्याकडे मात्र आई विसरली की तिला अडाणी म्हणून मोकळं होतो.

राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशिकमध्ये आहे. इथून सुरगाणा, पेठ फार लांब नाहीत. तिथल्या कोकणा, वारली बोलणाऱ्या घरांपुढं आपण ‘अतिसारामुळे निर्जलीकरण’ असा फलक लावतो. बाळाची टाळू खोल गेली, डोळे आत गेले, रडताना पाणी येत नाही, हे त्या आईला आधीच दिसलेलं असतं. तिच्या डोळ्यांना दिसलेलं आणि आपल्या फलकावरचं एकच आहे, हे तिला सांगितलंय कोणी?

एकदा उन्हाळ्यात एका पाड्यावर मी हात धुण्याची पद्धत दाखवत होते. एका बाईनं शांतपणे विचारलं, एवढं पाणी आणायचं कुठून? ती पहाटेपासून झऱ्यावर नंबर लावून एक हंडा घेऊन आली होती. मला उत्तर देता आलं नाही. पावसाळ्यात धो धो पडणाऱ्या त्या भागात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. अशा वेळी ‘हात धुवा’ हा सल्ला बाईला नाही, ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेला द्यायला हवा. आरोग्यशिक्षण घ्यायला त्यांनाही बसवा.

इथं बसलेल्या नर्सिंगच्या मुलींनो, आशाताईंनो, पुढच्या गृहभेटीत ‘समजलं का?’ असं विचारू नका. त्याला सगळ्याच बायका मान डोलावतात. जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पेयाचं, म्हणजे ओआरएसचं पाकीट तिच्या हातात द्या, तिच्याच घरातल्या भांड्यानं लिटरभर पाणी मोजायला सांगा. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या १४ दिवस का द्यायच्या, हे तिनं सासूला तिच्या बोलीत सांगू दे. तुम्ही बाजूला बसून ऐका.