साखरेवरची गंधकाची टोपी

[दृश्य: चोपडा तालुका. केळीचा मळा, पाठीवरच्या पंपाने घडांवर फवारणी.]

मे महिना. दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकेल, म्हणून फवारणी सकाळीच उरकायची. पंपात आहे 'झिरो-झिरो-पन्नास', म्हणजे पोटॅशियम सल्फेट. घड भरायला पोटॅश लागतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सोबतच्या सल्फेटकडे, गंधकाच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार, फारसं कुणी बघत नाही. आपली गोष्ट त्याचीच आहे.

[दृश्य: तालुक्याच्या गावातलं सोनोग्राफी सेंटर.]

उन्हाळ्यात इथे मुतखड्याची रांग लागते. घाम फार, पाणी कमी. कंबर धरून आलेला माणूस विचारतो, "मुतखडाच शे ना, डॉक्टर?" बहुतेक वेळा असतोच. क्वचित पडद्यावर खडा नसतो, गाठ असते. मूत्रपिंडाचे कितीतरी कर्करोग असे दुसरंच काही शोधताना सापडतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड.]

यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार 'क्लिअर सेल'. पेशी रिकाम्या दिसतात, पण त्या मेद आणि ग्लायकोजेन (पेशीतला साखरेचा साठा) यांनी ठासून भरलेल्या होत्या. स्लाइड बनवताना ते विरघळून गेलं.

आपल्याला मात्र बघायचंय पेशीच्या आवरणावर. तिथे ग्लायकोलिपिडं असतात. मेदाची शेपटी आवरणात रुतलेली, साखरेचं डोकं बाहेर. पेशीतल्या गॉल्जी नावाच्या भागात एक एन्झाइम, सल्फोट्रान्सफरेज, त्या साखरेवर सल्फेट बसवतं. सुटं सल्फेट त्याला चालत नाही. पेशी आधी एटीपी, म्हणजे तिचं इंधन, खर्चून ते 'पॅप्स' नावाच्या रेणूवर चढवते, मग एन्झाइम तिथून उचलतं. सल्फेटची ही टोपी बसली की झालं सल्फाटाइड. लंडनमध्ये मेंदूची रसायनं तपासत बसलेल्या टूडिकुम यांनी १८८४ सालीच त्याची नोंद केली होती.

या एन्झाइमला खलनायक ठरवायचा मोह होतो. तो आवरावा. मज्जातंतूंच्या वेष्टनाला सल्फाटाइड लागतं, मूत्रपिंडाला अमोनियम बाहेर टाकायला लागतं. उंदरांत हे एन्झाइम काढून टाकलं तर वेष्टन बिघडतं, नरांचे शुक्राणू बनत नाहीत. उलट टोपी काढणारं एन्झाइम, अ‍ॅरिलसल्फाटेज ए, जन्मतः निकामी असेल तर सल्फाटाइड साठत जातं आणि चालतं-बोलतं मूल हळूहळू अंथरुणाला खिळतं.

कर्करोगाच्या पेशीत मात्र टोप्यांचा सुकाळ होतो. जपानमध्ये होंके आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली हे एन्झाइम शुद्ध करून वेगळं काढलं, तेही मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींमधूनच. पुढच्या वर्षी त्याचा जीनही हाती आला.

एवढ्या टोप्या कशासाठी? क्लिअर सेल गाठींमध्ये बहुधा व्हीएचएल हा जीन निकामी झालेला असतो. मग ऑक्सिजन कमी पडल्याचा इशारा देणारी एचआयएफ नावाची प्रथिनं मोडली जात नाहीत, आणि ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते. ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात याच एचआयएफचा धागा आपल्या एन्झाइमपर्यंत पोचला: एचआयएफ वाढलं की एन्झाइम वाढतं, सल्फाटाइड वाढतं, आणि रक्तातल्या प्लेटलेट्स त्या टोप्यांना चिकटतात. प्लेटलेट्सची अशी गोधडी अंगावर घेतलेली पेशी नॅचरल किलर पेशींच्या, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींच्या, तावडीतून निसटते. पहारेकऱ्यालाच टोपी घालणं म्हणतात ते हे.

[दृश्य: पुन्हा मळा. पंप बांधावर.]

हे सगळं ऐकून मळ्यातले आजोबा म्हणाले, "मंग हाई फवारणी बंद करू का?"

नाही, बाबा. सल्फेट आपल्या रक्तात असतंच, रोजच्या डाळीतल्या प्रथिनांपासूनही शरीर ते बनवतं. बिघाड सल्फेटात नाही, पेशीच्या कारभारात आहे.

त्यांनी पंप पुन्हा पाठीवर घेतला. ऊन चढायच्या आत चार ओळी राहिल्या होत्या.