चेंडू गमावण्याचं गणित: ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये आकडे डाव कसे आखतात

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या एका सामन्यात प्रत्येक संघाच्या हातून चेंडू साधारण साठ-सत्तर वेळा प्रतिस्पर्ध्याकडे जातो. जिंकणाऱ्याच्याही हातून जातो, हरणाऱ्याच्याही. मी आज मुख्यतः याच गोष्टीबद्दल बोलणार आहे. गेल्या दोन दशकांत या खेळातले बरेचसे मोठे डाव चेंडू मिळवायचा कसा या प्रश्नातून निघालेले नाहीत. तो गेलाच, तर कुठे जावा, या प्रश्नातून ते निघाले आहेत.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन मिनिटं. मैदान लंबगोल. मेलबर्नचं एमसीजी आपण क्रिकेटमुळे ओळखतो; हिवाळ्यात तिथे हा खेळ चालतो. मैदानात एका संघाचे १८ जण. ऑफसाइड नाही, म्हणजे कोणीही कुठेही उभं राहावं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली की गोल, ६ गुण. बाजूच्या फटीतून गेली की बिहाइंड, १ गुण. चेंडू किक मारून पुढे न्यायचा, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, हा हँडबॉल. फेकायचा नाही. किमान १५ मीटर आलेली किक हवेतल्या हवेत पकडली की मार्क मिळतो आणि पकडणाऱ्याला निवांत किक मारता येते. गोलपासून ५० मीटरवर कमान आखलेली असते, तिच्या आत चेंडू नेणं म्हणजे इनसाइड फिफ्टी. बाकीचं ओघात येईल.

आधी वर्तमानपत्रात तीन आकडे यायचे: किक, हँडबॉल, मार्क. ज्याच्याकडे चेंडू जास्त वेळा आला तो सामन्याचा मानकरी, असा सरळ हिशोब. तो मोडणाऱ्यांत टेड हॉपकिन्स हे नाव महत्त्वाचं आहे. १९७० च्या अंतिम सामन्यात, १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर, कार्लटन मध्यंतराला ४४ गुणांनी मागे होता. राखीव खेळाडू म्हणून उतरलेल्या हॉपकिन्सने उत्तरार्धात चार गोल केले आणि कार्लटन १० गुणांनी जिंकला. पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यात याच माणसाने चॅम्पियन डेटा ही संस्था सुरू केली. आज एएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च लीगच्या, सामन्यातली अधिकृत नोंद तीच ठेवते. नोंद म्हणजे नुसती मोजणी नाही. प्रत्येक घटनेला जागा असते, वेळ असते, चेंडू झटापटीत मिळाला की मोकळ्यात हे असतं, आणि मिळवणाऱ्यावर दबाव किती होता हेही असतं.

जागेची नोंद आली तशी खरी उलथापालथ झाली. मैदानाच्या प्रत्येक बिंदूला किंमत लावता येऊ लागली. चेंडू इथे, आमच्याकडे आणि अशा अवस्थेत असेल, तर यापुढचे गुण कोणाला आणि सरासरी किती? मैदानाच्या मधोमध उडवलेल्या चेंडूची किंमत शून्य, कारण दोघांनाही सारखीच संधी. गोलसमोर २० मीटरवर मार्क मिळाला तर किंमत ६ च्या जवळ. स्वतःच्या गोलसमोर झटापट चालू असेल तर उणे. आता खेळाडूने किती वेळा चेंडू हाताळला हे बाजूला ठेवा. त्याच्या हातात येण्याआधीची किंमत आणि त्याच्या हातून गेल्यानंतरची किंमत, यांतला फरक हे त्याचं काम. तीस वेळा चेंडू हाताळून मागे-पुढे हँडबॉल करणारा गडी या हिशोबात फिका पडतो, आणि बारा वेळा हाताळून चार वेळा बचाव फोडणारा वर येतो. एएफएलचं अधिकृत खेळाडू-मानांकन याच तत्त्वावर उभं आहे.

याच नकाशावर गुणांचा उगम शोधला की साठ-सत्तर टर्नओव्हरचं, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याचं, महत्त्व कळतं. गुण प्रामुख्याने दोन ठिकाणांहून येतात. एक म्हणजे स्टॉपेज: खेळ थांबतो, पंच चेंडू वर उडवतात किंवा सीमेबाहेरून आत फेकला जातो, आणि त्या गर्दीतून एक संघ चेंडू बाहेर काढतो. याला क्लिअरन्स म्हणतात. दुसरं म्हणजे टर्नओव्हर. एका संघाचे क्लिअरन्स सामन्यात ३५ ते ४०, टर्नओव्हर जवळजवळ दुप्पट. साहजिकच एकूण गुणांपैकी साधारण ६० टक्के टर्नओव्हरमधून येतात. पण संख्या हे अर्धंच कारण. स्टॉपेजला दोन्ही संघ आपापल्या जागी उभे असतात. टर्नओव्हरच्या क्षणी मात्र चेंडू गमावणारा संघ हल्ल्यासाठी पसरलेला असतो. बचावपटू पुढे सरकलेले, मागे मैदान मोकळं.

म्हणून गमावण्याची जागा निवडायची. मैदानाच्या मधल्या पट्ट्याला कॉरिडॉर म्हणतात. तिथे चेंडू गेला तर प्रतिस्पर्ध्याला डावीकडे, उजवीकडे, सरळ अशा तिन्ही वाटा मोकळ्या, आणि गोलचा कोनही उत्तम. सीमारेषेजवळ गेला तर एक बाजू रेषेनेच बंद केलेली असते. म्हणून अडचणीत सापडलेला संघ रेषेला धरून लांब, उंच किक मारतो आणि तिथे आपला सर्वांत उंच गडी उभा करतो. मार्क मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी तो चेंडू खाली पाडतो, झटापट होते, पुन्हा स्टॉपेज. प्रेक्षकाला ही किक रटाळ वाटते, आणि रटाळ ती आहेच. पण कॉरिडॉरमधली धाडसी किक फसली तर जे नुकसान होतं, त्यापुढे हा तोटा किरकोळ.

याची उलट बाजू म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याच्या नावडत्या जागी चेंडू गमवायला लावणं. २००८ मध्ये प्रशिक्षक अलिस्टर क्लार्कसनच्या हॉथॉर्न संघाने माणसामागे माणूस न लावता जागा राखायला सुरुवात केली. अठराही जण चेंडूबरोबर सरकणारं जाळं धरतात. जाळ्यातली अंतरं ठरतात ती अशी. ४०-५० मीटरची किक हवेत अडीच-तीन सेकंद असते. तेवढ्यात चांगला धावपटू १५ ते २० मीटर कापतो. एमसीजी १४१ मीटर रुंद. एका रांगेत चार जण लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसतरा. कसंबसं पोहोचता येतं. जिलाँगचं मैदान ११५ मीटर रुंद. तिथे तेच चार जण लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला २९ मीटरच येतात. एमसीजीवर घट्ट वाटणारं जाळं जिलाँगला आणखी घट्ट होतं. उलट जिलाँगमध्ये बसवलेलं जाळं एमसीजीवर तसंच लावलं, तर विरुद्ध बाजूला मारलेली एक आडवी किक ते फाडते. नवखे विश्लेषक सगळ्या मैदानांचे आकडे एकाच पिशवीत घालतात आणि इथेच फसतात.

जाळ्याला धार येते ती दबावाने. चॅम्पियन डेटा दबावाच्या कृतींना वजन देते: नुसतं आडवं राहून वाट अडवणं १.२, मागून पाठलाग १.५, अंगावर धावून जाणं २.२५, प्रत्यक्ष अंगाला भिडणं ३.७५. यातून संघाचा दबाव-अंक निघतो. लीगची सरासरी १८० च्या आसपास. ही वजनं लागू करायला माणूसच बसलेला असतो, त्यामुळे एका क्वार्टरमधल्या, म्हणजे सामन्याच्या चौथ्या हिश्श्यातल्या, पाच-दहा अंकांच्या चढउताराला काही अर्थ नसतो. टीव्हीवर मात्र त्यावर तावातावाने चर्चा चालते.

दबावाचं ठळक उदाहरण म्हणजे २०१७ चं रिचमंड. प्रशिक्षक डेमियन हार्डविक. परंपरेप्रमाणे पुढच्या फळीत दोन-तीन उंच गडी हवेत. रिचमंडकडे खऱ्या अर्थाने उंच एकटा जॅक रीवोल्ट, भोवती बुटके आणि चपळ खेळाडू. क्लिअरन्समध्ये हा संघ मागेच असायचा, आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती. चेंडू कसाही पुढे ढकलायचा, मार्क मिळाला नाही तरी जमिनीवर पाडायचा, आणि प्रतिस्पर्ध्याला तो कमानीबाहेर काढू द्यायचा नाही. गोलपासून ३० मीटरवर चेंडू हिसकावला तर तिथून पुढे मैदान ओलांडायचंच नसतं. अंतिम सामन्यात समोर ॲडलेड होता, गुणतक्त्यात अव्वल. निकाल १०८ विरुद्ध ६०.

यातून अनेक संघांनी चुकीचा धडा घेतला. बुटके खेळाडू भरले आणि मागची बांधणी केली नाही. पुढचा दबाव चालतो तो मागचे सहा-सात जण मध्यरेषेपर्यंत वर चढून सुटलेला चेंडू परत आत मारतात म्हणून. ते खाली राहिले, तर पुढच्यांची धावपळ वाया जाते आणि तिसऱ्या क्वार्टरला पाय जड होतात.

आता किकचा निर्णय. अपेक्षित गुण हा आकडा किकची जागा, कोन, दबाव आणि प्रकार बघून काढतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कडेला ४५ मीटरवर मार्क मिळालाय. इथून गोलची शक्यता ३० टक्के, बिहाइंडची ३५ टक्के धरू. १.८ अधिक ०.३५, म्हणजे २.१५ गुण. समोर २५ मीटरवर सहकारी सुटलाय. त्याला मिळाला तर ८५ टक्के गोल, १० टक्के बिहाइंड, म्हणजे ५.२. पास हुकला तर प्रतिहल्ल्याचं नुकसान अर्धा गुण धरा. पास किती टक्के जमायला हवा? उत्तर ४६-४७. निम्म्याहून थोडं कमी! पण डोळ्यांना हा पास जोखमीचा वाटतो आणि कडेची किक साहसाची. इतकी वर्षं खेळाडू उलटं करत आले ते यामुळेच. तीव्र कोनातून सरळ किकऐवजी पाय आडवा फिरवून वळणारी स्नॅप मारणं वाढलं, तेही याच हिशोबाने: वळणारा चेंडू गोलकडे जास्त उघड्या कोनातून येतो.

आकडे वाचताना कुठे घसरायला होतं, ते जरा सविस्तर बघू. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून रोखणं, जास्त, म्हणून संघ मेहनती? टॅकल करणाऱ्याकडे व्याख्येनेच चेंडू नसतो. एकूण टॅकलपेक्षा कमानीच्या आतले टॅकल बघावेत. रकमन, म्हणजे उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारा उंच गडी, चाळीस वेळा चेंडूला आधी हात लावतो. त्यातले जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा थेट सहकाऱ्याच्या हातात पडतात. बाकीचे कोणाचेही. मोकळ्यातले मार्क जास्त घेणारा संघ जिंकतो, हेही अर्धसत्य. पुढे असलेला संघ शेवटच्या क्वार्टरमध्ये वेळ काढायला चेंडू आपापसात फिरवतो. मार्क वाढतात ते आघाडीमुळे. उलट मागे पडलेला संघ डोळे मिटून पुढे चेंडू मारतो आणि त्याच्या इनसाइड फिफ्टी फुगतात. म्हणून गुणफरक आणि शिल्लक वेळ यांनुसार आकडे वेगळे काढल्याशिवाय तुलना करू नये. वर हंगामात एका संघाचे साखळी सामने २३. नेम चांगला लागलेल्या दोन-चार सामन्यांवरून संघ सुधारला म्हणणं धोक्याचं.

२००८ चाच अंतिम सामना घ्या. हॉथॉर्न १८ गोल ७ बिहाइंड, ११५. जिलाँग ११ गोल २३ बिहाइंड, ८९. जिलाँगने ३४ वेळा गुण मिळवले, हॉथॉर्नने २५ वेळा. नेमबाजीने जिलाँगचा घात केला, असं सगळे म्हणतात. पण त्या २३ पैकी ११ बिहाइंड हॉथॉर्नच्या बचावाकडूनच रेषेपलीकडे गेलेले. गोलच्या तोंडाशी अडकलेला चेंडू मुद्दाम मागे ढकलायचा, एक गुण द्यायचा आणि किक-इनने, म्हणजे बिहाइंडनंतर आपल्या गोलसमोरून मारायच्या किकने, निवांत सुरुवात करायची. किमतीच्या नकाशावर हा सौदा स्वस्त होता. २००९ पासून मुद्दाम बिहाइंड दिला तर प्रतिस्पर्ध्याला फ्री किक मिळू लागली.

सामन्याच्या दिवशी यातलं किती वापरता येतं? अपेक्षेपेक्षा कमी. प्रशिक्षकांच्या खोलीत नोंदी लगेच येतात, पण मैदानात निरोप पोहोचवायच्या वाटा मोजक्या. २०१९ पासून निरोप्या फक्त गोल झाल्यावर आत जाऊ शकतो. बदली खेळाडूंमार्फत सांगावं, तर बदलांवरही मर्यादा: २०१४ मध्ये १२०, २०१६ मध्ये ९०, २०२१ पासून ७५. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतरची विश्रांती सहा मिनिटांची. त्यात विश्लेषकाने दोनच गोष्टी सांगाव्यात: चेंडू कुठे जातोय आणि तिथून गुण होतायत का. तिसरी गोष्ट कोणाच्या लक्षात राहत नाही.

मर्यादा का आल्या, तर जाळ्यांमुळे मैदान गजबजलं आणि गुण आटले म्हणून. २००० मध्ये संघाची सरासरी शंभरच्या वर होती, २०१९ मध्ये ८०. त्या २०१९ मध्येच मैदानाच्या मधोमध खेळ सुरू होताना दोन्ही कमानींच्या आत प्रत्येक संघाचे सहा-सहा गडी सक्तीचे झाले. २०२१ मध्ये मार्क घेणाऱ्यासमोर त्या जागी उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्धी गड्याने हलायचं नाही हा नियम आला, आणि कॉरिडॉरमधली किक थोडी स्वस्त झाली. २०२६ साठीचा बदल सर्वांत मूलगामी म्हणावा लागेल: दोन कमानींच्या मधल्या भागात किक किंवा हँडबॉल कोणाचाही स्पर्श न होता सीमेबाहेर गेला, तर प्रतिस्पर्ध्याला फ्री किक. रेषेला धरून मारलेल्या त्या रटाळ किकचा विमा इथे संपतो. ती आता रेषेपासून दहा-पंधरा मीटर आत टाकावी लागेल. तिथे दोन्ही बाजू खुल्या असल्याने खाली पडलेल्या चेंडूसाठी एकाऐवजी दोन-तीन चपळ गडी आधीच पाठवावे लागतील, आणि तितके गडी मागच्या जाळ्यातून कमी होतील.