उचल

(पडदा काळा. आधी फक्त कॅनच्या झाकणाचा आवाज. मग एक ट्यूबलाइट दोनदा लुकलुकते आणि लागते.)

पहाटे साडेचारला मला जाग येते. गजर लावावा लागत नाही. तालमीनं जे दिलं त्यातली एवढी सवय अजून टिकून आहे. आणि हे दोन कान.

(कान जवळून.)

बघा नीट. पाकळी मोडून गोळा झालेली. पैलवानाचे कान असेच असतात, पण हे सगळ्यांना ठाऊक नसतं. लग्न जमत होतं तेव्हा मुलीच्या मामांनी बाजूला घेऊन विचारलं होतं, लहानपणी भाजलंबिजलं होतं का?

मी गावच्या दूध डेअरीत सचिव आहे. सचिव म्हटलं की खुर्ची मोठी वाटते. काम असं आहे: सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, काट्यावर वजन करायचं, वाटीभर नमुना काढून मशीनला लावायचा, फॅट बघायची, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग बघायचा, चिठ्ठी द्यायची. म्हशीच्या दुधाला सातच्या वर फॅट लागली की माणूस हसत घरी जातो. साडेपाच लागली की मशीन बिघडलेली असते.

एके काळी मी दिवसाला दोन लिटर दूध प्यायचो. आता सहाशे लिटर मोजतो. एक घोट घेत नाही, पित्ताचा त्रास आहे.

(टेबलामागची भिंत. दोन फोटो.)

हा पहिला फोटो संस्थेच्या संस्थापकांचा. तो लावावाच लागतो. दुसरा मी लावलाय. पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव, गोळेश्वर, तालुका कराड. आमच्या इथून गोळेश्वर मोटरसायकलवर अर्धा तास. बाहेरगावचे लोक फोटो बघून विचारतात, तुमचे आजोबा का? मी नाही म्हणतो. काही वेळा, खोटं कशाला बोलू, हो म्हणावंसं वाटतं.

हे नाव पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. ऑगस्ट १९९६. अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेसला टेनिसमध्ये ब्राँझ मिळालं. तालमीशेजारच्या दुकानात टीव्ही होता, आम्ही अंगाला माती तशीच घेऊन दारात उभे. बातमीत सांगितलं की भारताला ४४ वर्षांनी वैयक्तिक पदक मिळालं. वस्ताद आमच्या मागं उभे होते. ते म्हणाले, "आरं, चव्वेचाळीस वर्सांपूर्वी कुणाला मिळालं हुतं, त्ये सांगितलं का?" सांगितलंही असेल, आम्ही उशिरा पोचलो होतो. वस्तादांनी आम्हाला परत आत नेलं, एकेकाला धान्याच्या जुन्या काट्यावर उभं केलं. माझा नंबर आला. ५७ किलो.

"बघ," म्हणाले, "ह्येच वजन. खाशाबांचं."

हलक्या वजनाच्या पैलवानाला हे वाक्य काय वाटतं ते सांगतो. आमच्याकडच्या यात्रांमध्ये हलक्या पोरांच्या कुस्त्या दुपारी उन्हात लागतात. नारळ, पन्नास रुपये, शंभर रुपये. लोक तेव्हा भेळ खात असतात. मोठी कुस्ती दिवेलागणीला, आणि ती एकशे दहा किलोवाल्यांची. फेटा त्यांना, गदा त्यांना, हलगी खरी कडाडते ती त्यांच्यासाठी. आणि देशाचं पहिलं वैयक्तिक पदक आणलं ते भेळेच्या वेळेच्या माणसानं!

(जुनं छायाचित्र. लंगोटातला तरुण, अंगानं सडपातळ.)

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६. पाच भावांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यांनीच घरी कुस्ती शिकवायला सुरुवात केली. शाळा कराडची टिळक हायस्कूल, पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेज. कोल्हापुरात बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद. डाव म्हणाल तर ढाक. समोरच्याचं डोकं-मान बगलेत पकडायचं आणि कमरेवरून असा फेकायचा की त्याला जमीन कुठं आहे तेच कळू नये. अंगात ताकद कमी असली तरी चालते, वेळ साधता आली पाहिजे. मला तो डाव आयुष्यात चार वेळा बसला असेल.

१९४८ ला ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला. तिथं कुस्ती मॅटवर. आयुष्यभर ज्याचे पाय मातीत, त्याला गादीवर उभं केलं. मातीत पाय रुततो, धरतो. मॅटवर घसरतो, उसळतो, सगळंच वेगळं. मातीत दोन्ही खांदे टेकेपर्यंत कुस्ती सुटत नाही, तिथं गुणांचा हिशेब. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना तिथं तयार केलं. फ्लायवेट गटात सहावे आले.

चार वर्षांनी हेलसिंकी. या खेपेला निवडीपासूनच अडचण. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि समोरच्याला चीत केलं. निवड झाली. आता पैसे?

इथं मला थोडं थांबायचंय.

(डेअरीतली लाल कापडाची वही उघडते.)

ही उचलीची वही. आमच्याकडे दुधावर उचल मिळते. बियाणं आणायचंय, पोरीची फी भरायचीय, म्हातारीला दवाखान्यात न्यायचंय, माणूस येतो, म्हणतो, दोन हजार उचल द्या. दर दहा दिवसांच्या बिलातून थोडे थोडे कापून घ्यायचे. संगणक आलाय, पण लोकांचा विश्वास या वहीवर. स्वतःच्या डोळ्यांनी आकडा खाली येताना बघायचा असतो.

१९५२ साली खाशाबांनी उचल घेतली, असं मी म्हणतो. गावातल्या लोकांनी वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. १९५२ चे सात हजार! मास्तर माणूस. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण. घरच्यांना काय सांगितलं असेल त्यांनी? मी पोराच्या क्लासचे पैसे भरताना दोनदा विचार करतो.

(हेलसिंकीची स्टेडियमची जुनी दृश्यं.)

बँटमवेट, ५७ किलो. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी, तिघांच्या पैलवानांना हरवून ते पुढे गेले. मग जपानचा शोहाची इशिई, ज्यानं पुढे सुवर्ण घेतलं. पंधरा मिनिटं चाललेली ती कुस्ती, खाशाबा हरले. आणि लगेच सांगितलं, पुढची कुस्ती आत्ताच, सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवबरोबर. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती पाहिजे. पण ते सांगायला, भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथं नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले.

जो कधी कुस्ती खेळला नाही त्याला अर्धा तास म्हणजे काय ते कळणार नाही. मोठी कुस्ती सुटल्यावर बोटं मिटत नाहीत. पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरावा लागतो, तरी सांडतो. त्या बोटांनी समोरच्याचं मनगट धरायचं होतं.

२३ जुलै १९५२. ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

कराडला परत आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांची वाट, तिला सात तास लागले म्हणतात. मिरवणुकीचं सगळेच सांगतात. मला त्यानंतरचं जास्त आवडतं. हा माणूस पदक घेऊन आला आणि त्यानं कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः उतरला, जिंकला, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

वहीत आकडा शून्य.

माझ्या मते ती त्यांची सगळ्यात मोठी कुस्ती. त्याला पदक नाही आणि कुठल्या रेकॉर्डमध्येही ती नाही. पण डेअरीच्या टेबलावर बसून मी रोज माणसं बघतो. उचल घेताना सगळे सारखेच असतात, नम्र. फेडताना माणूस कळतो.

(तालीम. दार अर्धं उघडं. आत लाल माती, कोपऱ्यात मारुती.)

आमची तालीम. रविवारी मी इथं येतो, माती उकरायला. माती पडून राहिली तर दगड होते. फावड्यानं खालची वर, वरची खाली. मग हळद, लिंबू, ताक, तेल, थोडा कापूर. हातानं चुरायची. ढेकूळ राहिलं की पाठीत घुसतं. वस्ताद म्हणायचे, "आदी माती, मग मस्ती." त्यांच्या वेळी चाळीस पोरं होती. आता नऊ येतात. त्यातली चार सैन्यभरतीची तयारी म्हणून. मी नावं ठेवत नाही, नोकरी पाहिजेच.

माझी स्वतःची गोष्ट फार मोठी नाही. विसाव्या वर्षी एका यात्रेत उजवा गुडघा फिरला. आवाज आला, वाळलेली काटकी मोडावी तसा. कुस्ती संपली. त्या वेळी माझ्या खुराकासाठी वडिलांनी डेअरीतून उचल घेतलेली, मला न सांगता. बदाम, तूप, खारीक, सगळं त्यातून. वर घरचं दूध माझ्या पोटात, म्हणजे डेअरीला दूध कमी आणि उचल जास्त. वडील वारले तेव्हा वहीत त्यांच्या नावावर अकरा हजार तीनशे होते. चेअरमन म्हणाले, दूध घालून फेडशील की इथं काम करून? म्हैस एकच होती. मी कामाला लागलो. दोन वर्षांत फिटले. पुढं वीस वर्षं इथंच.

म्हणून मला खाशाबांच्या पुढच्या आयुष्याचं नवल वाटतं, कीव नाही वाटत. १९५५ साली ते पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. सत्तावीस वर्षं नोकरी. खात्याच्या स्पर्धांत कुस्त्या जिंकल्या, पोरांना शिकवलं, निवृत्त झाले ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. ऑलिंपिकचं पदक असलेला माणूस सकाळी उठून गणवेश घालत होता, ड्यूटीला जात होता. बंदोबस्तात कुणाला तरी बाजूला व्हा म्हणत असेल, आणि त्या बाजूला होणाऱ्याला कल्पनाही नसेल.

१४ ऑगस्ट १९८४. रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कैक वर्षांनी. पद्म मिळालंच नाही. दिल्लीत कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं, १५ जानेवारी महाराष्ट्रात क्रीडा दिन झाला. चांगलंच झालं. गोळेश्वरला त्यांच्या घराचं नाव 'ऑलिंपिक निवास'. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारात बराच वेळ उभा राहिलो आणि बेल न वाजवता परत आलो. काय सांगणार होतो? माझंही वजन ५७ होतं?

(रेल्वे फलाट. तिकीट तपासणारा कर्मचारी, पाठमोरा.)

२०२४ च्या १ ऑगस्टला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ घेतलं. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, रेल्वेत तिकीट तपासनीस. महाराष्ट्राला ७२ वर्षांनी वैयक्तिक पदक. आपला आदर्श म्हणून त्यानं धोनीचं नाव घेतलं, तोही रेल्वेत तिकिटंच तपासायचा. त्या दिवशी संध्याकाळी डेअरीत पेढे मी वाटले. एक आजी म्हणाली, तुझं कोण लागतंय? म्हटलं, आमच्या खात्यातला आहे. तिनं पेढा घेतला आणि फॅट किती लागली ते विचारलं.

(पुन्हा डेअरी. उजाडलंय. रांग.)

या बाई रोज सहा लिटर घालायच्या. गेल्या महिन्यापासून पाच. मला वाटलं, म्हैस आटत आली. विचारलं, "वैनी, म्हस आटली का?"

म्हणाल्या, "आटली न्हाय. एक लिटर घरात ठेवतीय."

मागं त्यांचा पोरगा. नऊ वर्षांचा, पायात मोठ्या भावाच्या चपला, दाढेखाली काहीतरी. रविवारी तालमीच्या दारात उभा असतो, आत यायला लाजतो. आज आईनं किटली खाली ठेवली तोवर हा गडी दुधाच्या काट्यावर चढून बसला. आकडे हलले, थांबले. २४ किलो ६००.

मागं रांग. कुणीतरी हसलं. त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला आणि हळूच विचारलं, "भावजी, पुढल्या बिलावर पाचशे मिळतील का? बदाम आणायचं हुतं."

मी वही ओढली.

"बाळा, उतर आता. दूध मोजायचंय."